नखाएवढ्या जिवांसाठी मालवण

स्कूबा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो माशांच्या गर्दीतला व्हिडिओ. पण एखाद्या वीकेंडला फक्त छोटे जीव शोधायला समुद्रात उतरलं तर? दोन डाइव्ह, एक ओहोटी आणि एक जुना हिशोब. मालवणच्या एका ट्रिपची ही गोष्ट.

माझ्या फोनमध्ये एक व्हिडिओ आहे. एफवायला असताना कॉलेजच्या गँगबरोबर मालवणला गेले होते, तेव्हाचा. हिरवट निळं पाणी, माझ्या तोंडासमोर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका आणि मी कॅमेऱ्याकडे बघून दोन्ही हातांनी थम्ब्स अप करतेय. मागे गाणं, वर तारीख. स्टोरीला टाकला तेव्हा सगळ्यांनी 'वॉव', 'कसलं भारी', 'भीती नाही वाटली?' वगैरे विचारलं होतं. आईने तर तो अख्ख्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड केला.

दोन वर्षांनी स्कूबाचा रीतसर कोर्स करायला गेले. पहिल्याच दिवशी कळलं की पाण्याखाली थम्ब्स अपचा अर्थ 'मस्त' असा नसतो. त्याचा अर्थ 'मला वर जायचंय' असा असतो. 'सगळं ठीक आहे' हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. म्हणजे त्या अख्ख्या व्हिडिओत मी प्रचंड उत्साहाने 'मला वर न्या, मला वर न्या' असं सांगतेय. कोर्समधल्या सगळ्यांना तो दाखवला आणि आम्ही पोट धरून हसलो.

रात्री रूमवर तोच व्हिडिओ परत नीट बघितला. मासे जमलेत, कारण बाजूने एक हात पाव कुस्करून टाकतोय. आणि मी पाण्यात इतकी स्थिर दिसतेय, कारण माझे दोन्ही पाय खालच्या एका गोल, फिकट तपकिरी दगडावर टेकलेत. पॉज केलं. झूम केलं. तो दगड नव्हता. ते प्रवाळ होतं. कोरल.

वीतभर उंची, वीस वर्षं

प्रवाळ म्हणजे झाड नाही आणि खडकही नाही. तो प्राणी आहे. खरं तर एकमेकांना चिकटून राहणाऱ्या शेकडो-हजारो इवल्याशा प्राण्यांची ती चाळच असते. त्यातल्या प्रत्येकाला पॉलिप म्हणतात. हे पॉलिप खाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात आणि स्वतः वरच्या पातळ, जिवंत थरात राहतात. आपला पाय पडतो तो थेट या थरावर. तो फाटला, खरवडला की जखम होते, आणि जखमेवर शेवाळ किंवा रोग बसू शकतो.

गोल, घट्ट वाढणाऱ्या प्रवाळांचा वेग वर्षाला साधारण एक सेंटिमीटर असतो. व्हिडिओत माझ्या पावलाच्या मापाने अंदाज घेतला तर ते प्रवाळ वीतभर उंच होतं. म्हणजे वय वीस वर्षांच्या आसपास. मीही तेवढीच. माझ्याच वयाच्या कुणाच्या तरी डोक्यावर उभं राहून मी अंगठे दाखवत होते.

बरं, हे कुठे, तर अभयारण्यात. मालवणचा किनारा १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर. समुद्रात रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघही त्याच परिशिष्टात आहे. ताडोब्यात वाघाच्या अंगावर बसून कुणी फोटो काढत नाही, कारण वाघ खाईल. प्रवाळ काही करत नाही.

कोर्समध्ये भेटलेल्या दोन मैत्रिणी आणि मी, अशा तिघींनी जानेवारीत परत मालवणला जायचं ठरवलं. या वेळी अट एकच ठेवली. मोठं काही शोधायचं नाही, कॅमेरा न्यायचा नाही. जे बोटाहून लहान असेल तेच बघायचं.

हा काही आमचा शोध नाही. फक्त छोटे जीव बघण्यासाठी डायव्हिंग करणारे लोक जगभर आहेत. इंडोनेशियातल्या लेंबेहच्या सामुद्रधुनीत तळाशी काळी वाळू आहे, पोस्टकार्डवर छापावं असं काहीही नाही. तरी लोक तिथे लांबून येतात आणि वाळूतले चित्रविचित्र मासे, झिंगे, ऑक्टोपस शोधत बसतात. आमच्या बजेटमध्ये लेंबेह नव्हतं. पुणे-मालवण रात्रीची बस होती.

आधी डाइव्ह, मग घाट

वीकेंड ट्रिपचं प्लॅनिंग करताना एक गोष्ट आम्हाला उलटी करावी लागली. एरवी आपण काय करतो? शनिवारी भटकायचं, खायचं आणि रविवारी सकाळी 'मेन' अॅक्टिव्हिटी उरकून परत निघायचं. डायव्हिंगला हे चालत नाही. दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन जास्त विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. म्हणून एक डाइव्ह झाली असेल तर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त झाल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, असा नियम शिकवतात.

आमचं विमान नव्हतं, पण घाट होता. साधारण ६०० मीटरच्या वर चढायचं असेल तरी हीच काळजी घ्यायची असते, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे. कोकणातून देशावर परतणाऱ्या आपल्यासारख्यांना हे माहीतच नसतं. सकाळी डाइव्ह, दुपारी सुरमई थाळी आणि चार वाजता घाट, असं वेळापत्रक असलेले कितीतरी ग्रुप मी बघितलेत. आम्ही दोन्ही डाइव्ह शनिवारी ठेवल्या, रविवार किनाऱ्यासाठी आणि परतीची बस रविवारी रात्री.

'मोठा काय दिसूचा नाय'

शनिवारी सकाळी बोट निघाली तेव्हा डाव्या हाताला सिंधुदुर्गाची तटबंदी उन्हात आली होती. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. शाळेत असताना होडीत बसून तो बघितला होता. त्या होडीखाली काय आहे, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

आमचा डाइव्ह मास्टर मालवणचाच, मासेमारी करणाऱ्या घरातला. आम्ही त्याला दादाच म्हणत होतो. त्याने पाण्याकडे एक नजर टाकली आणि तोंड वाकडं केलं. पौर्णिमा होऊन एकच दिवस झाला होता. उधाणाच्या दिवसांत पाणी जोरात आत-बाहेर करतं, तळाची वाळू उठते.

"पाणी गढूळ हा. चार मीटर दिसात. मोठा काय दिसूचा नाय."

"दादा, आम्हाला छोटंच बघायचंय."

"छोटा म्हंजे?"

"बोटापेक्षा छोटं."

त्याने आमच्याकडे जरा निरखून बघितलं आणि हसला. "मगे बरां. घाई करू नकात. दर्या खंय पळान जाणा नाय."

त्याने सांगितलेले नियम साधे होते. तळाला टेकायचं नाही. हात छातीशी बांधायचे. पायातले फिन वर ठेवायचे, म्हणजे वाळू उडणार नाही. आणि वाटेल तेव्हा नाही, सारखं, हळू श्वास घेत राहायचं, श्वास रोखायचा नाही.

मोहरीची फोडणी

खाली जाताना आधी कान. दर थोड्या अंतरावर नाक दाबून कान मोकळे करायचे. खोली फार नाही, आठ मीटर. दोन-अडीच मजल्यांची इमारत उलटी. पण तेवढ्यातही लाल रंग जवळपास गायब होतो, कारण पाणी तो आधी शोषून घेतं. सगळं निळं, हिरवं, राखाडी. मला पहिल्यांदा वाटलं, झालं, आज काही दिसणार नाही.

मग आवाज ऐकू आला. कढईत मोहरी तडतडावी तसा, सगळीकडून, सतत. एफवायच्या डाइव्हलाही तो असणारच, पण तेव्हा मला माझ्याच धडधडीशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. हा आवाज करतो पिस्टल श्रिम्प, म्हणजे बोटाच्या पेराएवढा झिंगा. त्याची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते. ती तो इतक्या वेगाने मिटतो की पाण्याची चिळकांडी उडते आणि मागे क्षणभर एक बुडबुडा तयार होतो. 'टक्' हा आवाज नांगी आपटल्याचा नसून तो बुडबुडा कोसळल्याचा असतो, हे शास्त्रज्ञांनी २००० मध्ये हाय स्पीड कॅमेऱ्याने टिपून दाखवलं. भक्ष्याला बधिर करायला एवढा झटका पुरतो. अख्ख्या समुद्राचा बॅकग्राउंड स्कोअर हे नखाएवढे झिंगे वाजवत असतात.

दादाने टॉर्च लावला. राखाडी वाटणारा खडक एकदम लालभडक झाला. तो स्पंज होता. शेजारी जांभळं काहीतरी, त्याच्या बाजूला केशरी. रंग तिथेच होते, प्रकाश नव्हता. आणि पाणी गढूळ असल्याने चार मीटरच्या पलीकडे बघण्यासारखं काही नव्हतंच. त्यामुळे आपोआप समोरच्या हातभर जागेत नजर अडकली. स्वच्छ पाणी असतं तर मी नक्की लांब बघत बसले असते.

वाळूच्या एका पट्ट्यावर दादाने मुठीचा इशारा केला, थांबा. पाचेक मिनिटं काहीच नाही. मग वाळूतल्या एका भोकाच्या तोंडाशी बोटाएवढा मासा दिसला. गोबी. जागचा हलत नव्हता. थोड्या वेळाने त्याच भोकातून एक झिंगा मागे-पुढे करत बाहेर आला. नांग्यांमध्ये वाळूचा ढीग, अगदी बुलडोझरसारखा. ढीग बाहेर टाकला, परत आत. परत बाहेर.

यांची पार्टनरशिप ऐकली होती, पण बघताना खरी वाटेना. झिंग्याला नीट दिसत नाही, पण तो घर खणण्यात पटाईत. माशाला खणता येत नाही, पण नजर तीक्ष्ण. म्हणून झिंगा घर बांधतो आणि सांभाळतो, मासा राहतो आणि पहारा देतो. बाहेर आल्यावर झिंग्याची एक मिशी सतत माशाला टेकलेली असते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि झिंगा आत पळतो. माझ्या मैत्रिणीचा फिन जरा खाली आला, वाळूचा छोटासा ढग उठला, आणि दोघंही गुल. परत बाहेर यायला त्यांनी बराच वेळ घेतला. आमच्या एका चुकीने त्यांचं काम तेवढा वेळ बंद पडलं, हे डोळ्यांनी दिसलं.

वर आल्यावर कळलं, आम्ही ४८ मिनिटं खाली होतो. हळू श्वास घेतला की सिलिंडर पुरतो. आणि एवढ्या वेळात बास्केटबॉलच्या कोर्टाएवढीही जागा फिरलो नव्हतो.

उघड्या कल्ल्यांची गोगलगाय

दुसरी डाइव्ह तासाभराने. बोटीवर चहा पिताना आम्ही आमची विश लिस्ट सांगितली. त्यावर एकच नाव होतं, न्युडिब्रँक.

ही समुद्रातली गोगलगाय. पिल्लू असताना हिला शंख असतो, मोठी होताना ती तो टाकून देते. नावाचा अर्थच 'उघडे कल्ले'. जगात हिच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातल्या एकीच्या शास्त्रीय नावात आपली मुंबई आहे, गोनिओब्रँकस बोंबायानस. मुंबईच्या किनाऱ्यावरून १९४६ मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं.

शंख नाही म्हणजे संरक्षण नाही, असं आपल्याला वाटतं. पण हिने वेगळा मार्ग काढलाय. काही जाती विषारी स्पंज खातात आणि ते विष स्वतःच्या कातडीत साठवतात. काही जाती तर दंश करणारे जीव खाऊन त्यांच्या दंशपेशी न फोडता स्वतःच्या पाठीवर नेऊन ठेवतात. दुसऱ्याची शस्त्रं, आपल्या अंगावर. भडक रंग म्हणजे 'मला खाऊ नका' अशी पाटी. गंमत म्हणजे तिच्या डोळ्यांना उजेड-अंधाराखेरीज फारसं काही कळत नाही. इतके सुंदर रंग तिला स्वतःला कधीच दिसत नाहीत. जगाचा अंदाज ती डोक्यावरच्या दोन शिंगांनी, वास घेऊन घेते.

आम्ही शोधत होतो. एकदा मला सापडली असं वाटलं, ती शेवाळाची गाठ निघाली. दुसऱ्यांदा वाटलं, तो चिप्सच्या पाकिटाचा तुकडा निघाला. तो मी उचलून जॅकेटच्या खिशात घातला. हवेचा काटा निम्म्यावर आला तेव्हा मी जरा नाद सोडला आणि समोरच्या स्पंजकडे नुसतीच बघत राहिले.

आणि तिथे एक पांढरी रिबन दिसली. गुलाबाच्या फुलासारखी गोल गोल गुंडाळलेली, रुपयाच्या नाण्याएवढी. अंडी! न्युडिब्रँकची अंडी अशीच असतात, एका फितीत असंख्य. मग नजर रिबनच्या बाजूला सरकली आणि ती दिसली. सव्वा-दीड सेंटिमीटर लांब. पाठीच्या टोकाला पिसांसारखे कल्ले, पाण्याच्या लाटेबरोबर हलणारे. पुढे दोन शिंगं. ती सरकत होती, पण इतकी हळू की स्पंजवरच्या एका छिद्रावर नजर ठेवली तेव्हाच कळलं.

दादाला बोलवायला मी सिलिंडरवर टकटक केलं. तो आला, बघितलं, आणि अंगठा-तर्जनीचा गोल केला. मीही केला. या वेळी बरोबर.

याच क्षणी मला एक गोष्ट कळली. तिच्यापासून माझं तोंड वीतभर अंतरावर होतं, तरी मी कशालाच धरलं नव्हतं. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. कोर्समध्ये याला बॉयन्सी म्हणतात आणि पूलमध्ये ती शिकताना मी वैतागले होते. पण ती नसती तर मी हिला बघूच शकले नसते. कारण मी एकतर तरंगत वर गेले असते, नाहीतर तोल सावरायला तिच्यावरच हात ठेवला असता. समुद्राला धक्का न लावण्यासाठी जे शिकतो, त्याच्याच जोरावर हे छोटे जीव दिसतात. दोन वेगळे धडे नाहीतच.

पाव कोण मागतं?

परत येताना थोड्या अंतरावर दुसऱ्या बोटीचे लोक पाण्यात होते. मुखवटा लावून वरूनच खाली बघितलं. एक मुलगी, तिला मागून धरलेला माणूस, समोर कॅमेरा, माशांचा घोळका. तिने दोन्ही हातांनी थम्ब्स अप केलं. मला दोन वर्षांपूर्वीची मीच दिसले.

बोटीवर आल्यावर मी तावातावाने बोलले. हे बंद व्हायला हवं, पाव का टाकतात, वगैरे. दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला की फोन येतो तेव्हा लोक दोनच प्रश्न विचारतात. मासे किती दिसतील? व्हिडिओ किती मिनिटांचा मिळेल? खाली काय राहतं, हे कुणी विचारत नाही. तो म्हणाला, मासे नाही दिसले तर पैसे परत मागणारेही भेटतात. मग कुणीतरी पाव नेतो.

मी गप्प बसले, कारण एफवायला आमच्या गँगनेही हेच दोन प्रश्न विचारले होते. इथल्या कितीतरी मुलांना या व्यवसायाने गावातच काम दिलंय. मासळी कमी मिळते तेव्हा घर यावर चालतं. त्यांना शिव्या घालून पुण्याला निघून जाणं सोपं आहे. पण गिऱ्हाईक आपण आहोत. आपण जे मागतो ते बोटीवर मिळतं. 'तुम्ही माशांना खायला घालता का? घालत असाल तर आम्हाला नको' एवढं दहा ग्रुपनी म्हटलं तर अकराव्या वेळी पाव विकत घेण्यात अर्थ राहणार नाही. पावाने होतं काय, तर मासे आयत्या खाण्याला सोकावतात, बोट आली की तिथेच गर्दी करतात आणि एरवी खडकावरचं शेवाळ वगैरे खाण्याचं त्यांचं काम बाजूला पडतं.

कवडी जिवंत असते

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही रॉक गार्डनच्या खडकांवर होतो. ओहोटी. पाणी मागे गेल्यावर खडकांच्या खळग्यांमध्ये छोटी छोटी डबकी राहतात. इथे ना सिलिंडर लागतो, ना पैसे. मी शाळेतलं भिंग आणलं होतं.

पहिल्या डबक्यात काहीच दिसलं नाही. पण आदल्या दिवसाने एक शिकवलं होतं, बसून राहायचं. दोन मिनिटांत एक 'शंख' चालायला लागला. आत हर्मिट क्रॅब होता, मेलेल्या गोगलगायीच्या शंखात भाड्याने राहणारा. मग तळाशी खडकाच्याच रंगाचा बोटभर मासा उडी मारून शेजारच्या डबक्यात गेला. खडकावर हिरवट बटणं चिकटवल्यासारखी दिसत होती, ते झोअँथिड्स, प्रवाळाचे चुलतभाऊ. त्यांना पाय लागू नये म्हणून आम्ही कोरड्या, उघड्या खडकावरूनच चाललो.

आणि मग एका कपारीखाली, काळसर मखमल पांघरलेली कवडी. हो, तीच कवडी. सारीपाटातली, तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातल्या माळेतली. मी आयुष्यभर कवडी बघितली, पण जिवंत कवडी कधी नाही. शंखाच्या दोन्ही बाजूंनी तिची कातडी वर येते आणि अख्ख्या शंखाला झाकून टाकते. कवडी इतकी गुळगुळीत आणि चकचकीत असते ती यामुळेच. ही कातडीच शंखावर थर चढवते आणि वर काही उगवू देत नाही. आमची सावली पडली आणि ती हळूच दोन्हीकडून मिटत आत गेली. खाली राहिली ती आपल्या ओळखीची चकचकीत कवडी. आम्ही सावली बाजूला घेतली, बरंच थांबलो. ती काही बाहेर आली नाही. तिला तिथेच ठेवून उठलो.

ते प्रवाळ

संध्याकाळी सामान बांधून दादाला भेटायला जेटीवर गेलो. आमच्या वहीत चौदा नावं आणि तीन 'माहीत नाही' जमले होते. त्याने वही उलटून बघितली आणि दोन 'माहीत नाही'पुढे मालवणी नावं लिहून दिली.

मग मी त्याला तो जुना व्हिडिओ दाखवला. लाज वाटत होती, पण विचारायचंच होतं. ही जागा ओळखता येईल का? ते प्रवाळ अजून आहे का?

त्याने व्हिडिओ दोनदा बघितला. जागा नक्की सांगता येणार नाही म्हणाला. अशी खूप आहेत. मग फोन माझ्या हातात देत म्हणाला, "मरान गेला नसात तर थंयच आसात गो. तां खंय चालान जातला?"

खरंच. मासा पळून जातो. झिंगा भोकात शिरतो. कवडी मिटते. प्रवाळ जिथे आहे तिथेच राहतं, कुणाचाही पाय आला तरी.

तो व्हिडिओ मी डिलीट केलेला नाही. आता मालवणला जाणारं कुणी भेटलं की आधी तोच दाखवते. पहिल्यांदा सगळे हसतात. मग मी पॉज करते आणि पायाकडे बोट दाखवते.

जायचं ठरवलंत तर

* पोहता येत नसेल तरी इन्स्ट्रक्टरने धरून केलेली ट्राय डाइव्ह करता येते. पण निवांत, स्वतःच्या तोलावर बघायचं असेल तर ओपन वॉटर कोर्स करा. थिअरी, पूल आणि समुद्रात चार डाइव्ह असं त्याचं स्वरूप असतं. त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं. २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमायला हवं. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे.
* दमा, कानाचा त्रास, हृदयाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मेडिकल फॉर्मवर खोटं लिहू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नको. आदल्या रात्री दारू नको, झोप हवी.
* सीझन साधारण नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, डायव्हिंग बंद असतं.
* बुकिंग करताना तीन प्रश्न विचारा. एका इन्स्ट्रक्टरबरोबर किती जण? माशांना खायला घालता का? बोटीचा नांगर कुठे टाकता, वाळूत की प्रवाळावर?
* पाण्याखाली हात छातीशी, फिन वर. कशालाही हात लावू नका, काठीने टोचू नका, उचलू नका. बॉयन्सी नीट जमेपर्यंत कॅमेरा नको.
* सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट घाला.
* शेवटची डाइव्ह आणि घाट किंवा विमान यांच्यात पुरेसं अंतर ठेवा.
* डायव्हिंग परवडत नसेल तर ओहोटी फुकट आहे. भरती-ओहोटीची वेळ बघून जा, पाणी चढायच्या आत परता, शेवाळलेल्या खडकांवर ग्रिप असलेली चप्पल घाला. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा ग्रुप २०१७ पासून किनाऱ्यावर असे वॉक घेतो. जे दिसेल त्याचा फोटो आयनॅचरलिस्ट अॅपवर टाका, नाव सांगणारं कुणीतरी भेटतंच.